रीकर्व्ह घेऊन हरणाच्या मागावर: पेन्सिल्व्हेनियातल्या नवख्या धनुर्धारींसाठी

माझ्या पहिल्या हंगामात मी सतरा वेळा मचाणावर बसलो. अकरा वेळा हरणं दिसली, चार वेळा ती वीस यार्डांच्या आत आली, आणि बाण मी एकदाही सोडला नाही. एकदा मध्ये फांदी होती. एकदा मादी थेट माझ्याकडे तोंड करून उभी होती. एकदा उजेड पुरेसा नव्हता आणि एकदा माझं मलाच खात्रीचं वाटलं नाही. तो हंगाम वाया गेला असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. रीकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य, आणि त्याने शिकार शिकणं म्हणजे अर्ध्याहून जास्त बाण कधी सोडायचा नाही हे शिकणं. पुढचं सगळं त्या एका गोष्टीसाठी आहे.

ऑक्टोबरमध्ये जंगलात जायचं असेल तर तयारी जानेवारीत सुरू करा. ऑगस्टमध्ये धनुष्य विकत घेतलंत तर पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर धरा.

आधी कायदा

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. चितळ, सांबर, भेकर, काळवीट, कुठलंही असो. मारणंच नाही, तसा प्रयत्न करणं हाही गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून सुट्टीत गावी गेल्यावर कुणी काही करून बघू नये. गावाकडे धनुष्य चालवायचंच असेल तर लक्ष्यावर चालवा.

इथे अमेरिकेत परिस्थिती वेगळी का, हे समजून घेतलंत तर कायदाही नीट पाळाल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेन्सिल्व्हेनियात पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी कमी उरली होती की १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडावी लागली. आज तीच हरणं काही भागांत इतकी झाली आहेत की जंगलातली कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत. लांडगे आणि प्यूमा इथून कधीच संपवले गेले, त्यामुळे संख्या आवरायचं काम बऱ्याच अंशी शिकाऱ्यांवर आलं. जंगल राखायचा पैसाही लायसन्सच्या फीमधून आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवर बसवलेल्या करातून येतो. १९७२ साली, म्हणजे भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला त्याच वर्षी, त्या कायद्यात धनुष्यबाणांची भर पडली.

पेन्सिल्व्हेनियाचं गेम कमिशन, म्हणजे राज्याचं वन्यजीव खातं, १८९५ पासून हा कारभार बघतं. पहिल्यांदाच लायसन्स घेणाऱ्याला त्यांचा हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण करावा लागतो. कोर्स नुसता उरकू नका, प्रश्न विचारा. मग साधं शिकारीचं लायसन्स, त्यावर आर्चरीचं वेगळं लायसन्स, आणि शिंगं नसलेल्या हरणासाठी ज्या विभागात जाणार त्या विभागाचं आणखी एक. हे तिसरं आवर्जून घ्या. पहिलं हरीण मादी असावं असं माझं मत आहे. संख्या आटोक्यात ठेवायची तर माद्याच कमी व्हाव्या लागतात, आणि शिंगांचा मोह डोक्यात नसला की निर्णय स्वच्छ होतो.

व्हिसावर असलेली मंडळी पहिला प्रश्न बंदुकीचा विचारतात. अमेरिकेच्या संघीय कायद्याच्या लेखी धनुष्य हे बंदुकीत मोडत नाही, त्यामुळे व्हिसाधारकांवरची बंदुकीची बंधनं त्याला लागू होत नाहीत. लायसन्स, हंगाम, जागा हे नियम मात्र सगळ्यांना सारखेच.

धनुष्याचा ताण किमान ३५ पाउंड आणि ब्रॉडहेडची, म्हणजे बाणाच्या टोकाच्या धारदार पात्याची, रुंदी किमान ७/८ इंच असावी लागते. लोक राहत असलेल्या इमारतीपासून परवानगीशिवाय ५० यार्डांच्या आत धनुष्याने शिकार करता येत नाही. खासगी जमिनीवर मालकाला विचारूनच जायचं, आणि झाडाच्या बुंध्यावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला की थांबायचं. २०२० पासून इथे तो पट्टा म्हणजे ‘प्रवेश बंद’ची पाटी. ओळखीचं शेत नसेल तरी अडत नाही, राज्याची स्टेट गेम लँड्स एकूण १५ लाख एकरांच्या आसपास आहेत. दिवसाच्या वेळा, शिंगांच्या टोकांचे नियम, हंगामाच्या तारखा दरवर्षी छापून येणाऱ्या पुस्तिकेतून बघा. तुम्ही न्यू जर्सीत किंवा न्यूयॉर्कमध्ये असाल तर तिथली पुस्तिका वेगळी, आणि तिथे धनुष्याच्या शिकारीचा स्वतंत्र कोर्सही लागतो.

धनुष्य निवडताना

कंपाउंड धनुष्याला चाकं असतात, नेमाच्या पिना असतात आणि पूर्ण ओढल्यावर त्याचा भार हलका होतो. रीकर्व्ह आणि लाँगबोमध्ये यातलं काही नाही. जितकं ओढाल तितकं जड होत जातं आणि नेम डोळ्याने धरायचा. म्हणून इथे अंतरं लहान.

सुरुवातीला सुटं होणारं रीकर्व्ह घ्या, ६० ते ६२ इंचाचं. त्याचा मधला दांडा कायम राहतो आणि वरखालची वाकणारी पाती बदलता येतात. हा मोठा फायदा आहे, कारण पहिली पाती २५-३० पाउंडांची हवीत. हे वाचून बरेच तरुण नाक मुरडतात, जिमला जातो म्हणतात आणि थेट ५० पाउंड उचलतात. सहा महिन्यांनी त्यांचा खांदा दुखत असतो आणि दोरी गालापर्यंत पोचायच्या आधीच बोटांतून सुटत असते. ती सवय पुढे मोडता मोडत नाही. तंत्र बसलं की पाती बदलून ४० ते ४५ वर या. हरणासाठी तेवढं पुरतं.

पातीवर छापलेला आकडा २८ इंच ओढीचा असतो. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मापा आणि अडीचने भागा, साधारण तुमची ओढ कळते. माझी २७ भरते. एका इंचामागे दोन-अडीच पाउंड धरले तर ४५ छापलेलं धनुष्य माझ्या हातात ४२-४३ चं होतं. नुसत्या अंदाजावर राहू नका, क्लबात काट्यावर मोजून घ्या.

दोरी चढवताना नेहमी स्ट्रिंगर, म्हणजे धनुष्य वाकवायची मदतीची दोरी, वापरा. गुडघ्यात अडकवून वाकवलेली पाती पिळवटलेली मी पाहिली आहेत. आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका. बाणात जायची ती सगळी ताकद मग धनुष्यातच उलटते.

पहिले तीन महिने: लक्ष्याविना

आमच्या क्लबातल्या एका वयस्कर सुताराने मला हे शिकवलं. त्याने पहिल्याच दिवशी लक्ष्यावरचा कागद काढून टाकला. गवताच्या गठ्ठ्यापासून दोन पावलांवर उभं केलं आणि म्हणाला, “डोळे मीट आणि ओढ.” चुकायला जागाच नसेल इतकं जवळ उभं राहिलं की मन नेमाकडे जात नाही, हातापायांकडे जातं. दिवसाला वीस बाण, आठवड्यातून पाच दिवस. शंभर बाणांचा एक रविवार याची बरोबरी करत नाही, कारण तिसाव्या बाणानंतर तुम्ही थकव्याचाच सराव करत असता.

पाय खांद्याइतके फाकवून लक्ष्याला काटकोनात उभे राहा. धनुष्याची मूठ आवळू नका, अंगठ्याच्या मुळाशी ती टेकली पाहिजे, बोटं सैल. दोरी तीन बोटांच्या पहिल्या पेरात धरायची, तर्जनी बाणाच्या वर आणि दोन बोटं खाली. किंवा तिन्ही खाली; मला तिन्ही खाली बरं पडतं, कारण बाण डोळ्याच्या जवळ येतो. एकलव्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला नवल वाटेल, पण या पद्धतीत उजव्या अंगठ्याला काहीच काम नसतं.

ओढताना दंडाने खेचू नका. पाठीतली फऱ्याची हाडं एकमेकांकडे सरकताहेत असं जाणवलं पाहिजे. हात दरवेळी चेहऱ्यावर एकाच जागी यायला हवा. माझ्या मधल्या बोटाचं टोक ओठांच्या कोपऱ्याला लागतं आणि अंगठ्याचं पेर जबड्याखाली बसतं. या दोन स्पर्शांशिवाय मी बाण सोडत नाही. बाण सुटल्यावर धनुष्याचा हात तिथेच ठेवायचा, बाण रुतल्याचा आवाज येईपर्यंत.

कुठला डोळा जोराचा आहे तेही पहिल्याच दिवशी तपासा. दोन्ही तळव्यांचा मिळून छोटा त्रिकोण करून दूरची एखादी वस्तू त्यातून बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू दिसत राहते तो तुमचा नेमाचा डोळा. उजव्या हाताचे असून डावा डोळा जोराचा निघाला तर डाव्या हाताचं धनुष्य शिकून घ्या. सुरुवातीला अवघड जातं, पण पुढची कैक वर्षं वाचतात.

बाण, पिसं आणि धार

धनुष्यावर पैसे कमी खर्चले तरी चालेल, बाणावर नको.

दोरी सुटते तेव्हा बाण सरळ जात नाही. तो दांड्याला वळसा घालून वाकतो आणि मग सावरतो. हे वाकणं किती, ते त्याच्या कडकपणावर, म्हणजे स्पाइनवर ठरतं. एक बाण पिसांविना सोडून बघा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण बाकीच्यांच्या डावीकडे लागला तर काडी जास्त कडक आहे, उजवीकडे लागला तर मऊ. पुढचं वजन किंवा काडीची लांबी थोडी थोडी बदलत तो पिसांच्या बाणांजवळ आणा. पिसं टर्कीचीच घ्या. या धनुष्यात बाण दांड्याच्या कडेला घासून जातो, पीस तिथे दबतं आणि पुन्हा उभं राहतं, प्लास्टिकची पिसं मात्र बाणाला बाजूला ढकलतात.

बाणाचं एकूण वजन ताणाच्या एका पाउंडामागे किमान १० ग्रेन (बाण तोलायचं छोटं माप) ठेवा. माझ्या ४२ पाउंडांच्या धनुष्यासाठी मी ४५० च्या आसपास वापरतो. जड बाण हळू जातो, पण आवाज कमी करतो आणि आत खोल जातो.

आता ब्रॉडहेड. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाण रक्तस्रावाने. त्यामुळे धार हा इथे सौजन्याचा प्रश्न आहे. धारदार पातं फुफ्फुसातून आरपार गेलं तर हरीण बहुतेक वेळा काही सेकंदांतच कोसळतं. बोथट पातं रक्तवाहिन्या कापण्याऐवजी बाजूला सारतं आणि जनावर उगाच हाल सोसतं. दोन पात्यांचं, न उघडणारं, साधं ब्रॉडहेड घ्या. आत शिरताना उघडणारी ब्रॉडहेड्स आपल्या धनुष्याच्या ताकदीची नाहीत. आधी कानस, मग बारीक दगड, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. मनगटावरचे केस न ओढता साफ निघाले पाहिजेत. पाकिटातून आलेलं नवं पातं बहुतेकदा इतकं धारदार नसतं. आणि हे पातं तुम्हालाही तितक्याच सहज कापतं, म्हणून भाता असा हवा की पाती पूर्ण झाकली जातील.

तुमचं अंतर शोधा

हरणाचं काळीज आणि फुफ्फुसं मिळून साधारण कागदी ताटलीएवढी जागा होते. अंगणात ताटली लावा. रोज सकाळी कामावर जायच्या आधी एकच बाण सोडा. हात गरम नसताना, आधी एकही बाण न सोडता. जंगलात तुम्हाला तसाच एक बाण मिळणार असतो. पंधरा यार्डांवर वीस दिवसांत वीसच्या वीस ताटलीत गेले तर दोन यार्ड मागे सरका. ज्या अंतरावर पहिला बाण ताटलीबाहेर गेला त्याच्या अलीकडचं अंतर तुमचं. माझं १८ यार्ड आहे. मग तेच बसून, गुडघ्यावर, जाड जाकीट घालून आणि उंचावरून करून बघा. अंतर आणखी कमी झालं तर तेच खरं.

यावर वाद घालणारे भेटतील, तीस यार्डांवर सहज मारतो म्हणणारे. लक्ष्य जागचं हलत नाही, हरीण हलतं. आपला बाण सेकंदाला १८० फूट जातो असं धरा. वीस यार्ड म्हणजे ६० फूट कापायला त्याला एक तृतीयांश सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच्या सहापट वेगाने पोचतो. सावध हरीण तो ऐकताच पळण्यासाठी पाय दुमडतं आणि त्याचं अंग वीतभर खाली जातं. दहा-बारा यार्डांवर त्याला तेवढा वेळ मिळत नाही.

जनावराच्या जवळ पोचणं ही इथली जुनी विद्या आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ याही जमातीचा एकटा उरलेला माणूस लोकांसमोर आला. त्याने आपलं नाव कुणालाच सांगितलं नाही, म्हणून त्याला इशी म्हणू लागले, म्हणजे त्याच्या भाषेत ‘माणूस’. सॅक्स्टन पोप हे डॉक्टर त्याच्याकडून धनुष्य शिकले आणि आजच्या अमेरिकी धनुष्य-शिकारीचा एक मोठा धागा तिथून निघतो. इशी दोरी अंगठ्याने ओढायचा आणि त्याचं धनुष्य लहान होतं. पण जनावराच्या जवळ जाण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पाचच वर्षांनी, १९१६ साली, तो क्षयाने गेला.

जंगल आणि वारा

फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ वितळताना जंगल फिरा. पानं नसतात, वाटा उघड्या पडलेल्या असतात. गेल्या शरदात नरांनी शिंगं घासून सोललेले बुंधे दिसतात, लेंड्या दिसतात, हरीण बसून गवत दबलेल्या जागा दिसतात. खाणं आणि बसणं यांमधली वाट शोधा. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा जा आणि पांढऱ्या ओकखाली बघा. त्याची फळं लाल ओकपेक्षा कमी तुरट असतात आणि हरणं ती आधी खातात. एकाच झाडाखाली ताज्या लेंड्या आणि फोडलेली टरफलं सापडली तर तुमची जागा सापडली.

हरणाला तुम्ही दिसलात तर ते थांबून बघेल, आवाज आला तर कान टवकारेल. वास आला तर संपलं. म्हणून वारा हरणांकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला बसायचं. छोट्या बाटलीत टाल्कम पावडर ठेवा आणि दर अर्ध्या तासाने चिमूटभर उडवून बघा. डोंगराळ भागात आणखी एक गोष्ट असते: सकाळी ऊन पडलं की हवा उतारावरून वर चढते, संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते. म्हणजे हरणांच्या वाटेच्या वर सकाळी बसा, खाली संध्याकाळी. वारा बदलला तर उठून घरी या. चांगली जागा एकदा वासाने बिघडली की बरेच दिवस हरणं तिथून फिरकत नाहीत.

कपड्यांना आणि बुटांना आधी परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा, आणि घरी आल्यावर अंगभर गोचीड तपासा. काखा, गुडघ्याच्या मागे, कानांमागे. गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम आजार या भागात सर्रास आढळतो.

मचाण

या शिकारीत माणसं जखमी होतात ती बहुतेक झाडावरून पडून. अंगाला पूर्ण हार्नेस (सुरक्षेचा पट्टा) आणि तो जमिनीपासून वरपर्यंत बांधलेल्या दोराला अडकवलेला, म्हणजे चढताना, बसताना, उतरताना एक क्षणही सुटे राहायचं नाही. धनुष्य हातात घेऊन चढू नका, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्या. फोन छातीच्या खिशात. कुठल्या झाडावर आहात आणि किती वाजता परत येणार ते घरी लिहून ठेवा. माझी बायको तो कागद फ्रिजवर लावते, आणि तो लावल्याशिवाय मी गाडीची किल्ली उचलत नाही.

बारा ते पंधरा फूट उंची पुरे. त्याहून वर गेलात तर बाण वरून तिरका पडतो आणि एकच फुफ्फुस सापडतं. खाली नेम धरताना कमरेत वाका, नुसता हात खाली केलात तर अँकर, म्हणजे चेहऱ्यावरची ती ठरलेली जागा, सुटतो. धनुष्य थोडं तिरकं धरा आणि त्याच्या पात्यांची टोकं फांदीला किंवा मचाणाच्या कठड्याला लागत नाहीत ना, ते बसल्या बसल्या एकदा ओढून बघा.

बाण सोडायचा क्षण

हरीण पूर्ण आडवं उभं असलं पाहिजे, किंवा किंचित पलीकडे तोंड करून. समोरून नाही, तुमच्याकडे तिरकं वळलेलं असताना नाही, पाठीमागून नाही, चालताना नाही. पुढच्या पायाच्या मागे, अंगाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात बघा. आख्खं हरीण बघू नका. केसांची एखादी वळणदार बट, एखादा डाग निवडा आणि त्यावरच नजर ठेवा. हरणाचं डोकं झाडामागे गेलं की ओढा, एकदम नाही, श्वास सोडावा तसं. त्याने वर बघितलं तर तसेच थिजून राहा. हात थरथरू लागले तर सावकाश दोरी परत आणा. ही परत आणण्याची सवय सरावातच लावा, दर दहा बाणांत एक पूर्ण ओढून न सोडता उतरवा.

माझं पहिलं हरीण दुसऱ्या हंगामात, नोव्हेंबरच्या एका सकाळी आलं. मादी, तेरा यार्डांवर. ओकची फळं चघळल्याचा कटकट आवाज मला वर ऐकू येत होता. तिच्या पुढच्या पायामागे ओल्या केसांची एक रेघ होती, पावसाने चिकटलेली. दोरी सुटल्याचं मला आठवत नाही. पिसं त्या रेघेत नाहीशी झालेली आठवतात, आणि मग पानांवरचे टापांचे आवाज, आणि मग काहीच नाही.

त्यानंतर

लगेच उतरू नका. हरीण शेवटचं कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवा, घड्याळ बघा आणि अर्धा तास बसून राहा. मग बाण शोधा, तो सगळं सांगतो. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस, माग काढायला निघा. गडद तांबडं रक्त म्हणजे फुफ्फुसांमागचं यकृत, निदान चार तास थांबा. हिरवट घाण आणि उग्र वास म्हणजे पोटाला लागलं. तिथे आठ ते बारा तास थांबायचं. मागे लागलात तर जखमी जनावर मैलभर जातं आणि कुणालाच सापडत नाही. न उठवल्यास बहुतेकदा ते जवळच कुठेतरी बसतं.

हे मी अनुभवाने सांगतो. तिसऱ्या वर्षी माझं अंतर १८ असताना मी २३ यार्डांवर बाण सोडला, कारण तो नर होता आणि अंधार पडत आला होता. बाण सुटायला आणि त्याने पाऊल टाकायला एकच गाठ पडली. बाण सापडला तो हिरवा. रात्रभर मी घरी पडून होतो, झोप आली नाही. सकाळी अकराच्या सुमाराला तो ओढ्याकाठी मेलेला सापडला, तीनशे यार्डांवर. मागच्या मांड्या कोल्ह्यांनी खाल्ल्या होत्या. चूक फक्त माझी होती आणि ती पाच यार्डांची होती. त्या वर्षी मी पुन्हा मचाणावर बसलो नाही.

माग काढताना रक्तावर पाय देऊ नका, बाजूने चाला. दर थेंबाजवळ टॉयलेट पेपरचा तुकडा टाका. मागे वळून बघितलं की पांढऱ्या तुकड्यांची रेघ हरणाची दिशा दाखवते. माग तुटला तर शेवटच्या थेंबाजवळ एकाला उभं करा आणि गोल फिरत शोधा. परत येताना कागद उचला.

हरीण सापडलं की आधी लायसन्ससोबतचा टॅग भरून त्याच्या कानाला लावा, मग सुरी. हातमोजे घाला. बरगड्यांखालून बोटभर चीर देऊन आत दोन बोटं घाला आणि त्यांच्यामधून सुरीचं पातं वरच्या दिशेला ठेवून कापत या, म्हणजे आतडं फुटत नाही. मूत्राशय सांभाळा. आतलं सगळं काढून पोट उघडं ठेवा, मांस लवकर थंड होणं सगळ्यात महत्त्वाचं. पंधरा अंश सेल्सिअसच्या वर तापमान असेल तर बर्फाच्या पिशव्या सोबतच न्या. घरी आल्यावर मुदतीत गेम कमिशनला नोंद द्या.

काही भागांत हरणांना सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा आजार आहे. तुमचा विभाग त्यात येत असेल तर डोकं तपासणीला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळं गोठवून ठेवा. बाधित निघालं तर खाऊ नका. मेंदू आणि मणक्याचा भाग त्या विभागाबाहेर न्यायलाही बंदी असते. मांस विकता येत नाही, द्यायला हरकत नाही.

स्वयंपाकाचं एकच सांगतो. हरणाची चरबी मेणासारखी टाळ्याला चिकटते आणि उग्र वास बहुतेक तिचाच असतो, तेव्हा ती आणि पांढरा पापुद्रा सगळा काढा. पाठीची पट्टी कडकडीत तव्यावर दोन-दोन मिनिटं, मीठ-मिरी, बस. खांदा आणि नळ्या मात्र मटणासारख्या कुकरला लावू नका. दही-आलं-लसूण लावून रात्रभर ठेवा आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, काळा मसाला घालून, मंद आचेवर तीन तास शिजू द्या. मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल नेहमीपेक्षा थोडं जास्त.

पाकिटांवर भाग आणि तारीख लिहून फ्रीझरमध्ये टाका. धनुष्याची दोरी उतरवा, पाती पुसा. नाताळानंतर उशिराचा हंगाम असतो, आणि तुमच्याकडे टॅग शिल्लक असेल तर उद्या सकाळी पुन्हा कागदी ताटली लावा आणि कामावर जायच्या आधी एक बाण सोडा.